ओट्याची उंची आणि पंचसूना

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’, म्हणजे गृहस्थाच्या हातून जीवहिंसा घडण्याची पाच स्थाने, म्हटले असून त्या दोषाच्या परिहारासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. चुलीच्या जागी गॅस आणि पाट्याच्या जागी मिक्सर आला, तरी स्वयंपाकघराची नव्याने रचना करताना हा विचार टाकून देण्याजोगा नाही; कारण काळ्याभोर ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा डोळ्यांना कितीही सुखावत असला, तरी त्यावरची मुंगी दिसत नसेल, किंवा तो कोपराच्या वर जाऊन रांधणाऱ्याचे खांदे रोज भरून येत असतील, तर त्या देखणेपणाने घरात सहावी सूनाच आणली असे म्हणावे लागते. कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा ठेवणे ही बाब, या दृष्टीने पाहता, केवळ गवंड्याच्या मापाची उरत नाही.