मृतांची उलटतपासणी

अमेरिकेत ६ ऑक्टोबर २००४ रोजी ‘घोस्ट हंटर्स’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिचे दोन नायक, जेसन हॉझ आणि ग्रँट विल्सन, पोटापाण्यासाठी ऱ्होड आयलंडमध्ये प्लंबिंगचे काम करत. त्यांच्याजवळ ना मंत्र होते ना क्रूस. होते अंधारात चित्रण करणारे कॅमेरे, आवाज टिपणारे रेकॉर्डर आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर. अशा मालिका लोक घाबरण्याच्या मजेखातर पाहतात, हे उत्तर मला अपुरे वाटते. नुसती भीतीच हवी असेल तर भयपट ती कितीतरी सराईतपणे पुरवतात. इथे बराच वेळ काहीच घडत नाही. माणसे काळोखात बसून ‘इथे कोणी आहे का?’ असे विचारतात आणि वाट पाहतात. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर वाट पाहतो, कारण मेल्यावर माणसाचे काही उरते का, हा प्रश्न त्याचाही असतो. ही ओढ खरी आहे आणि ती आदराला पात्र आहे. पण या मालिका तिची फसवणूक करतात. तपासाची साधने त्यांनी उचलली, तपासातली जोखीम मात्र टाळली.

पाश्चात्त्य समाजात या ओढीला जुना इतिहास आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्याला स्वर्गाच्या वाटेवर शुद्धिलोकातून जावे लागते. तिथल्या आत्म्यांसाठी प्रार्थना करता येई, म्हणजे मृतांशी जिवंतांचे देणेघेणे संपत नसे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी शुद्धिलोकच नाकारला आणि दिसलेले भूत एक तर सैतानाची करणी ठरले, नाहीतर मनाचा भ्रम. एकोणिसाव्या शतकात उरलेली श्रद्धाही अनेकांच्या मनात डळमळली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी १८६९ मध्ये आपली फेलोशिप सोडली, कारण चर्चच्या मतांना दिलेली संमती आता प्रामाणिक राहिलेली नाही असे त्यांना वाटले. हेच सिजविक १८८२ मध्ये अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’चे पहिले अध्यक्ष झाले. श्रद्धेने जे दिले नाही ते पुराव्याने मिळेल, ही आशा त्यामागे होती. तरीही या संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना मद्रासजवळच्या अड्यारला पाठवले, थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांची चौकशी करवली आणि १८८५ मध्ये ते बनावट असल्याचा अहवाल छापला. ज्याची आस आहे त्याच्याच विरुद्ध निकाल द्यायची तयारी असणे, यालाच मी शोध म्हणतो.

आता दूरचित्रवाणीवरचा पुरावा जवळून पाहू. फिरवून चालू-बंद होणाऱ्या बॅटरीचे डोके किंचित सैल करून ती टेबलावर ठेवतात आणि ‘हो असेल तर दिवा लाव’ असे आत्म्याला सांगतात. दिव्याच्या उष्णतेने आतले भाग प्रसरण पावतात, जोड सुटतो, दिवा विझतो. ते निवले की पुन्हा लागतो. हा खेळ प्रश्न न विचारताही चालूच राहतो. मीटरचे दिवे मोबाइल आणि वॉकीटॉकीनेही लुकलुकतात, आणि चित्रीकरणाच्या चमूजवळ या वस्तू असतातच. यावर कोणी म्हणेल, हॉझ आणि विल्सन कित्येकदा ‘हा नळाचा आवाज आहे’ असे सांगून भुताचा दावा फेटाळतही होते. ते खरे आहे, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे श्रेय या सचोटीला द्यायला हवे. पण नकार मिळे तो एखाद्या आवाजाला. कोणता निकाल आला तर मूळ कल्पनाच सोडून देऊ, हे कधी ठरलेले नसे, आणि नळाच्या बाबतीत मिळवलेला विश्वास पुढच्या अस्पष्ट कुजबुजीसाठी खर्च होई.

दुसरा आक्षेप असा, की ही करमणूक आहे, तिला तत्त्वज्ञानाची फूटपट्टी कशाला? ब्रिटनमधल्या ‘मोस्ट हॉन्टेड’ या अशाच भूतशोधाच्या मालिकेबद्दल तक्रारी आल्या तेव्हा २००५ मध्ये तिथल्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेनेही तो कार्यक्रम म्हणजे खरा तपास नसून करमणूक आहे, असेच ठरवले. कायद्यापुरते ते ठीक. पण करमणुकीचा कच्चा माल इथे खऱ्या माणसांचे हाल आहेत. फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग १८२९ मध्ये उघडला. पश्चात्ताप व्हावा म्हणून कैद्यांना तिथे एकांतात कोंडत. त्या माणसांना नावे होती. भुतांच्या शोधात तिथे पोचलेल्या कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांना एवढेच काम उरते, की हाक मारली की खुडबुड करायची. समजा, एखादा दिवा खरोखरच आत्म्याने लावला. तरी मृत्यूनंतर स्मृती, प्रेम, पश्चात्ताप यांचे काय होते, याबद्दल तो दिवा एक अक्षरही सांगत नाही. धर्माला जे विचारायचे होते ते तसेच राहते.

वीस वर्षांच्या अभ्यासानंतरही आपण होतो त्याच संशयात आहोत, असे सिजविक यांनी आपल्याला सांगितल्याचे अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०९ मध्ये लिहिले. इतक्या वर्षांनी ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस मला या मालिकांतल्या कोणाहीपेक्षा अधिक धार्मिक वाटतो. त्या जरूर पाहाव्यात. फक्त पाहण्याआधी स्वतःशी ठरवावे, की काय घडले तर ‘इथे कोणी नाही’ हे उत्तर आपण मान्य करू.