बोरघाट आणि मादाम मेनकांचे कथक

बोरघाटाचा नृत्यकलेच्या इतिहासाशी संबंध आहे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि १९३० च्या सुमारास पायथ्याच्या कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्या विजेवर धावू लागल्या. त्यामुळे मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी (१८९९–१९४७), यांना मुंबईच्या आवाक्यात, पण तिच्या धकाधकीपासून दूर, घाटमाथ्यावरच्या खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही कथकची शाळा चालवता आली.

कथक त्या काळी मैफलीचे नृत्य होते. नर्तक किंवा तवायफ समोरच्या मोजक्या रसिकांची दाद घेत एखादा तुकडा, म्हणजे तालात बांधलेली बोलांची रचना, हवा तितका फुलवीत असे. मेनकांनी हे नृत्य मोठ्या रंगमंचावर आणले. तेथे प्रेक्षक दूर बसतो, वेळ आधीच ठरलेली असते आणि परदेशी प्रेक्षकाला ठुमरीचे शब्द कळत नाहीत. म्हणून त्यांनी एकल आविष्काराऐवजी अनेक नर्तकांची, कथानक असलेली नृत्यनाट्ये रचली. या बदलात उत्स्फूर्ततेचा काही अंश गमावला गेला, हे मान्य करूनही, बदनाम ठरवलेल्या कलेला त्यातून नवा प्रेक्षक मिळाला, ही फार मोठी गोष्ट होती.

१९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या संचाने पारितोषिके मिळवली. मात्र ज्या नाझी राजवटीच्या छत्राखाली ती स्पर्धा झाली, तिचे निमंत्रण अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम यांनी नाकारले होते, हे विसरून त्या यशाचे मोल करता येत नाही. जर्मन चित्रपट ‘डेर टीगर फॉन एश्नापूर’ (१९३८) याच्यामुळे या संचाचे नृत्य फितीवर टिकले, पण चित्रपटात नृत्य दिग्दर्शकाच्या चौकटीत बसवलेले असते आणि पदन्यासामागचा रियाज त्यात उतरत नाही. पुढे महायुद्धाने परदेशी दौऱ्यांची वाट बंद केली आणि खंडाळ्यातल्या अध्यापनाचे महत्त्व वाढले. बालवयातच मेनकांबरोबर युरोप पाहिलेल्या दमयंती जोशी यांनी नंतर अनेक गुरूंकडे शिकून एकल कथकच पूर्णत्वास नेले. म्हणजे समूहनृत्यनाट्याच्या प्रवर्तिकेचा वारसा ज्या शिष्येने सर्वांत दूरवर नेला, तिने त्याचा साचा मात्र स्वीकारला नाही.