ध्वनीचे निर्माल्य

जे उत्पन्न होते ते नाश पावते, हा सिद्धान्त आपणांस नवा नाही. परंतु कलांमध्ये तो संगीताला जितका तत्काळ लागू पडतो तितका अन्य कोणत्याही कलेला पडत नाही. शिल्प शतकानुशतके उभे राहते, ग्रंथ पिढ्यानुपिढ्या वाचला जातो. स्वर मात्र उमटता उमटताच विरतो. ही व्यवस्था मनुष्याने हजारो वर्षे मुकाट्याने मान्य केली होती. 1877 साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि विरणारा नाद साठवून ठेवण्याचे सामर्थ्य माणसाच्या हाती आले. सामर्थ्याबरोबर प्रश्नही आला: जे विरण्यासाठीच जन्मले ते राखून ठेवणे योग्य आहे काय? आणि राखले, तर त्याच्याशी आपण वागावे कसे?

हा प्रश्न गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही प्रयोगशील वादकांनी फार तीव्रतेने विचारला. त्यांचे संगीत आपल्या कानांना रुक्ष, क्वचित कर्कशही वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यांचा प्रश्न आपल्या देवळाच्या सभामंडपापर्यंत येऊन पोहोचलेला असल्यामुळे त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम दोन प्रवाह वेगळे केले पाहिजेत. कारण बाहेरून ते सारखे दिसले तरी ध्वनिमुद्रणाशी त्यांचे नाते परस्परविरुद्ध आहे. पहिला प्रवाह यंत्रातच घडवलेल्या संगीताचा. पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या प्येर शेफेर याने 1948 साली मुद्रित आवाजांचे तुकडे करून, त्यांची गती बदलून, ते पुनःपुन्हा जोडून पाच लहान रचना तयार केल्या. त्यांतील एकीसाठी त्याने बातिन्योल स्थानकावर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज टिपले होते. तबकडीवरची खाच वर्तुळासारखी मिटवून टाकली म्हणजे सुई तेथेच फिरत राहते व एकच ध्वनी अखंड ऐकू येतो, ही त्याची एक युक्ती. असा ध्वनी बराच वेळ ऐकला की मनातील आगगाडी नाहीशी होते आणि निखळ नाद शिल्लक राहतो. पुढे 1956 साली जर्मनीतील कलोन येथे कार्लहाइन्ट्स श्टॉकहाउझेन याने एका मुलाचा मुद्रित आवाज व यंत्रजन्य स्वर एकत्र विणून सुमारे तेरा मिनिटांची एक रचना सादर केली. बायबलमधील, अग्निकुंडात टाकलेल्या तीन तरुणांच्या ईशस्तवनावर ती आधारलेली होती. ती चर्चमधील उपासनेत सादर करण्याची आपली इच्छा होती, परंतु ध्वनिक्षेपकांना देवाघरी स्थान नाही असे उत्तर मिळाले, असे श्टॉकहाउझेन सांगत असे.

या प्रकारच्या संगीतात ध्वनिफीत हीच मूळ कृती होय. तिच्यापूर्वी कोणी गायले नाही, कोणी वाजवले नाही. जे आहे ते फितीवरच आहे. पाथरवटाने मूर्ती घडवावी तसे हे काम आहे. मूर्ती टिकते म्हणून तिच्यात काही खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. टिकणे हा तिचा धर्मच आहे.

दुसरा प्रवाह याच्या अगदी उलट. 1965 साली लंडनमध्ये ‘ए एम एम’ या नावाचा एक वादकसमूह निर्माण झाला. काय वाजवायचे हे हे वादक आधी ठरवीत नसत; सराव नाही, लिखित रचना नाही, ठरावीक ताल नाही. त्यांच्यातील कीथ रो हा गिटार मेजावर आडवी ठेवून तिच्या तारांवर निरनिराळ्या वस्तू घाशी आणि मधूनच रेडिओ सुरू करून त्या क्षणी जे स्थानक लागेल त्याचा आवाज वादनात मिसळी. रेडिओवर त्या वेळी बातम्या लागतील की नाचाचे संगीत, हे त्यालाही ठाऊक नसे. त्याच समूहात वावरलेला संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू याने 1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा वादनाच्या नीतीचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की, ध्वनिफीत वादनाचा केवळ आकार जपते. ती जागा, ती वेळ, तेथील माणसे यांपासून तुटलेले ते काहीतरी निराळेच असते. म्हणून दस्तऐवज या दृष्टीने ती रिकामीच होय.

हा आक्षेप किती खोल आहे हे रेडिओच्या उदाहरणावरून ध्यानी येते. ‘ए एम एम’चे वादन 1966 साली मुद्रित झाले व पुढील वर्षी त्याची तबकडी निघाली. ती प्रथम ऐकणारा मनुष्य रेडिओचा आवाज आला की दचकतो. दहाव्या वेळी मात्र तो त्या आवाजाची वाट पाहू लागतो. ज्याला योगायोग म्हणून जन्म मिळाला तो आता नियम झाला. जो वादकालाही अज्ञात होता तो श्रोत्याला पाठ झाला. एक स्वरही न बदलता पुनरावृत्तीने त्या वादनाचा आत्मा बदलून टाकला. आणि तरीही हे वादक ध्वनिमुद्रणाला विन्मुख राहिले नाहीत. डेरेक बेली या इंग्रज गिटारवादकाने आयुष्यभर उत्स्फूर्त वादनाचा पुरस्कार केला, 1980 साली त्यावर ग्रंथही लिहिला. पण त्यानेच 1970 साली एव्हन पार्कर व टोनी ऑक्सली यांच्यासह स्वतःची मुद्रणसंस्था काढून अनेक तबकड्या प्रसिद्ध केल्या. ही विसंगती ढोंग नव्हे. जे हातून निसटणार आहे त्याविषयीची माया आणि ते निसटलेच पाहिजे ही जाणीव, दोन्ही एकाच मनात नांदू शकतात.

आपल्याकडेही हे द्वंद्व नवे नाही. आपली ख्यालगायकी राग, ताल व बंदिश यांच्या चौकटीत फुलते. लंडनच्या वादकांनी ती चौकटही टाकून दिली, हा भेद मोठाच आहे. परंतु पुढची जागा कोणती याचे ज्ञान गायकालाही त्या क्षणीच होते, एवढे साम्य त्यात निश्चित आहे. फोंड्याजवळील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ध्वनिमुद्रणाविषयीची नाखुषी प्रसिद्ध आहे. मैफिलीत एक राग तासभर उलगडणाऱ्या गायिकेला तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तरीही त्यांच्या भैरवीची अशीच एक साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका 1977 साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी केसरबाईंचे देहावसान झाले. जी गायकी राखून ठेवण्यास त्या स्वतः राजी नसत, तिचा अंश आज सूर्यमालेपलीकडे प्रवास करीत आहे. गोमंतकाने त्याचा अभिमान बाळगणे रास्तच आहे. परंतु त्या यानात केसरबाई नाहीत, हेही विसरता येत नाही.

आणखी एक उदाहरण अहमदाबादचे आहे. गीता साराभाई या पखवाज वाजवणाऱ्या विदुषी 1946 साली न्यूयॉर्कमध्ये होत्या. तेथे अमेरिकन संगीतकार जॉन केज याला त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे पाठ दिले व त्याच्याकडून पाश्चात्य संगीताचे घेतले. संगीताचे प्रयोजन काय, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले: मन शांत करून ते दैवी प्रभावाला ग्रहणक्षम बनवणे. केजच्या पुढील आयुष्यावर या उत्तराची खोल छाप पडली. 1952 साली त्याच्या ज्या रचनेत वादक साडेचार मिनिटे एकही स्वर न वाजवता बसून राहतो, ती प्रथम सादर करणारा पियानोवादक डेव्हिड ट्यूडर हाच 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि त्याने तेथे मूग सिंथेसायझर बसवून दिला. 1972 पर्यंत गीताबेन व इतर काही भारतीयांनी त्या यंत्रावर प्रयोग करून ते फितींवर नोंदवले. मग ते काम थांबले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश संशोधकाच्या त्या दृष्टीस पडल्या आणि त्यांतील निवडक भाग 2023 साली प्रकाशित झाला.

या फिती सांभाळल्या गेल्या नसत्या तर भारतात त्या काळी असे काही घडले याची आठवणही पुसली गेली असती. म्हणून ध्वनी साठवणे हा निसर्गाविरुद्ध अपराध आहे, हे टोकाचे मत मला ग्राह्य वाटत नाही. परंतु फितीवर जे उरले आहे ते काय, याचा निवाडा झाला पाहिजे. त्यासाठी योग्य शब्द आपल्या नित्यपूजेतच आहे. देवाला काल वाहिलेले फूल आज सकाळी उतरवले जाते. आपण ते पायदळी येऊ देत नाही. मस्तकाला लावतो, झाडाच्या मुळाशी ठेवतो. पण ते पुन्हा देवाला वाहत नाही. ते निर्माल्य होय. उत्स्फूर्त वादनाची ध्वनिफीत ही अशीच आहे. तिच्यात सुगंध उरलेला असतो, तिने अर्पणाचा स्पर्श अनुभवलेला असतो, म्हणून ती आदरास पात्र आहे. परंतु अर्पण एकदाच झाले, आणि ते फितीने केले नाही.

यावरून आपल्या घरचा प्रश्न सुटण्यास साहाय्य होते. अलीकडे अनेक देवळांतून पहाटेची काकड आरती मुद्रित आवाजात लागते, आणि सायंकाळच्या आरतीला नगारा व घंटा विजेच्या यंत्रावर वाजतात. माणसे मिळत नाहीत, तरुण परगावी गेले, ही कारणे खोटी नाहीत. कोणी म्हणेल, आरती तर रोज तीच असते. मग ती कंठातून आली काय आणि यंत्रातून आली काय, फरक कोणता? या युक्तिवादात पुनरावृत्तीचे दोन प्रकार एकत्र कालवले जातात. जपातही नाम तेच असते, पण ते घेणारा प्रत्येक वेळी आपला आजचा श्वास खर्च करतो. यंत्र काहीच खर्च करीत नाही. वास्कोच्या दामोदर देवळातील भजनी सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते. अभंग जुनेच असतात, परंतु रात्री तीन वाजता झोप आवरून टाळ धरणारा मनुष्य त्या रात्रीचाच असतो. त्या जागी फीत लावली तर भजन अखंड राहील, सप्ताह मात्र राहणार नाही.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाने, परदेशी राहणाऱ्या कुटुंबाने देवळातील मुद्रित भजन ऐकून डोळे पुसावेत, यात गैर काही नाही. निर्माल्याचा गंध घेण्यास कोणाची मनाई असणार? घुमट-समेळाची जुनी मुद्रणे ऐकून नव्या मुलाने हात बसवावा, हे तर इष्टच आहे. आक्षेप एवढाच की, जे साठवले आहे ते आपल्या वतीने देवापुढे उभे करू नये. पाच माणसे जमली आणि त्यांतील तिघे बेसूर असले, तरी ती आरती ताज्या फुलासारखी आहे.

त्या इंग्रज वादकांना देव मान्य होता की नाही, हा विचार येथे गौण आहे. आपली तबकडी बाजारात असताना दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रिकाम्या हातांनी वाजवायला बसत आणि कालचे वाजवीत नसत. एवढी शिस्त आपण आपल्या उपासनेत पाळली, तरी ध्वनिमुद्रण आपला घात न करता आपली सेवाच करील.