पलंगाखालचे गठ्ठे

दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस होता, उत्तम मार्दवाचा. बस्तीत प्रवचन चाललं होतं. मान हा कषाय किती बारीक असतो, तो गेला असं वाटतं तेव्हाही कसा कोपऱ्यात बसून असतो, हे पंडितजी समजावून सांगत होते. माझं लक्ष मात्र घरी होतं, पलंगाखाली. आदल्या संध्याकाळी तिथले पुस्तकांचे गठ्ठे ओढून बघितले, तर त्यांना कसर लागलेली. बेळगावचा पाऊस, महिना-दोन महिने धड ऊन नाही. दुसरं काय होणार!

पुस्तकं माझीच. पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या. भिशीचे पैसे आणि वर थोडे ह्यांनी घातलेले. कोल्हापूरच्या छापखान्यातून टेम्पो आला तेव्हा गठ्ठ्यांना ओवाळायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं. प्रकाशनाच्या दिवशी साठेक प्रती खपल्या, शंभरभर नात्यात आणि ओळखीत वाटल्या. उरलेल्या सव्वातीनशेच्या वर प्रती दीड वर्ष पलंगाखाली. कुणी विचारलं तर द्यायची, नाही विचारलं तर गप्प बसायचं. हा आपला विनय आहे, असं मला वाटायचं.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, स्वतःची स्तुती करू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तर परनिंदा आणि आत्मप्रशंसा ही नीच गोत्राच्या बंधाची कारणं सांगितली आहेत. बायकांना हा धडा दुप्पट मिळतो. भाजी छान झाली असं कुणी म्हणालं तरी आपण म्हणतो, "छे, आज मीठ जरा कमीच पडलं." मग ‘माझं पुस्तक घ्या’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पण त्या कसरीने मला पेचात टाकलं. डांबरगोळ्या टाकल्या तर ऐन चातुर्मासात जीव मरणार. नाही टाकल्या तर पुस्तकं जाणार. मग ऊन पडलं त्या दोन दिवसांत एकेक प्रत गच्चीवर नेली आणि मऊ कुंचल्याने हलक्या हाताने झाडली. झाडता झाडता मनात आलं, स्वाध्यायात अपरिग्रहावर आपण केवढं बोलतो, आणि हे तीनशे नग नुसते दडपून ठेवलेत. ना मला उपयोग, ना कुणाला. वर त्यांच्यापायी हिंसा.

ह्यांचं कापडाचं दुकान. माझी पंचाईत त्यांच्या कानावर गेली तेव्हा म्हणाले, "तुला स्तुती करायला सांगतंय कोण? गिऱ्हाईक आलं की आम्ही ठाण उलगडतो. पोत बघा, रंग बघा म्हणतो. पटलं तर घेतात, नाही तर आम्ही घडी घालून ठेवतो. ठाण उलगडलंच नाही तर गिऱ्हाईकाने बघायचं काय?"

खरं सांगायचं तर मी अगदीच गप्प बसले होते असंही नाही. आणि जे केलं होतं ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. ‘दुसरी आवृत्ती असं छापून टाका, लोक घेतात’, हा एकाचा सल्ला मी धुडकावला होता. तेव्हा सत्याणुव्रत आठवलं. पण पुढे एका पाक्षिकासाठी स्वतःच्याच पुस्तकाचं परीक्षण मी स्वतः लिहिलं आणि नणंदेच्या मुलीचं नाव घालून पाठवलं. तिची संमती होती. चार चांगले शब्द लिहिले, शिवाय खरं वाटावं म्हणून एक बारीकसा दोषही दाखवला. ते छापून आलं. कुणीतरी त्या पोरीचं कौतुक केलं. ती मला फोनवर हसत म्हणाली, "मामी, मी तर अजून पुस्तक उघडलंसुद्धा नाही हं!"

ती सहज बोलली. पण त्या रात्री प्रतिक्रमण करताना जीभ अडखळली. चारचौघांत ‘माझं पुस्तक वाचा’ म्हणायला लाजणारी मी, दुसरीच्या आडून स्वतःची आरती ओवाळून घेतली होती. ते परीक्षण वाचून किती प्रती गेल्या? दोन.

त्या पर्वात मला दानचिंतामणी अत्तिमब्बेची वारंवार आठवण यायची. दहाव्या शतकातली ही आपली बाई. लक्कुंडीचं जिनालय तिने बांधवलं, मुधोळच्या रन्नासारख्या कवीला आश्रय दिला. आजही कर्नाटक सरकार तिच्या नावाने लेखिकांना पुरस्कार देतं. छापखाना नव्हता त्या काळात तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. एक हजार! मला पाचशे जड झाल्या. काव्य चांगलं आहे, ते आपोआप लोकांपर्यंत पोचेल, असं म्हणून ती थांबली नाही.

उलट उदाहरणही आपल्याच घरातलं. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवलेली. लोक दर्शन घेत, वाचायला मात्र मिळत नसे. पुढे त्यांची नक्कल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक प्रत करून ठेवली. त्यातून ग्रंथ बाहेर आला आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून त्याचा पहिला भाग प्रकाशित केला. लक्ष्मीबाईंची ती चोरी म्हणायची की शास्त्रदान, यावर आमच्या स्वाध्यायात एकदा चांगली खडाजंगी झाली होती.

अर्थात अत्तिमब्बे झटली ती दुसऱ्याच्या ग्रंथासाठी, तेही तीर्थंकरांच्या चरित्रासाठी. माझ्या पुस्तकात काय, तर सासूबाईंचं आजारपण, माहेरची विहीर, सीमाभागातल्या शाळा. माझं ते शास्त्रदान नव्हे, हे मला कळतं. पण पुस्तक लिहिणं एक आणि ते वाचणारीच्या हातात नेऊन देणं दुसरं, आणि हे दुसरं काम हलकं नाही, एवढं मी तिच्याकडून घेतलं.

थंडीत कडोलीच्या साहित्य संमेलनात एका टेबलाचा कोपरा मिळाला. सोबत गावातल्या आणखी दोघींची पुस्तकं मांडली. पहिल्याच बाईंनी माझं पुस्तक उचलून विचारलं, "काय आहे ह्यात?" मी सवयीने म्हणाले, "काही नाही हो, असंच आपलं काहीतरी." त्यांनी पुस्तक जागेवर ठेवलं आणि पुढे गेल्या.

माझे कान तापले. चार वर्षं खपून लिहिलेलं, आणि ‘काही नाही’? हे खोटंच होतं की! समोरचीने ‘नाही हो, छानच असणार’ म्हणावं, अशी आतून वाट बघत होते मी. मार्दवाचं सोंग घेऊन मानच बसला होता तिथे. नकार ऐकावा लागू नये म्हणून दीड वर्ष मी विचारलंच नव्हतं, आणि त्याला विनय म्हणत होते.

पुढच्या बाई आल्या तेव्हा मी ठाण उलगडलं. म्हटलं, "सासूबाईंना शेवटी काही आठवेनासं झालं होतं, त्या तीन वर्षांवर ह्यात लिहिलंय. एक पान वाचून दाखवू?" त्या उभ्या राहिल्या. पान संपल्यावर थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांच्या आईचं सांगत बसल्या. मी म्हटलं, "राहू दे, अशीच न्या प्रत." तर म्हणाल्या, "नको वैनी, पैसे घ्या. फुकटचं पुस्तक घरात पडून राहतंय." आणि कमरेच्या पिशवीतून दीडशे रुपये मोजून दिले.

त्या दिवशी माझी अकरा गेली, त्या दोघींची मिळून चौदा. दुसरीच्या पुस्तकाबद्दल बोलताना माझी जीभ कशी मोकळी सुटत होती!

त्या पाक्षिकाच्या संपादकांना मी क्षमावाणीचं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलेलं नाही. पलंगाखाली अजून दोनशेच्या वर प्रती आहेत, आणि कुणी पुस्तकाला नावं ठेवली की मला रात्री झोप लागत नाही, म्हणजे मान काही गेलेला नाही.

मैत्रिणींनो, कुणा लिहिणारीने प्रेमाने दिलेलं एखादं पुस्तक तुमच्याही कपाटात साड्यांच्या मागे असेल. पाऊस सुरू व्हायच्या आत ते काढून दोन पानं वाचा. नाही आवडलं तर तसं तिला सांगा, आणि पुस्तक दुसरीला द्या.