शकुनीविना फासे

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी फाशांना मोकळीक, आणि फासे म्हटले की शकुनीमामा आठवायचाच. पण त्याचा अपराध जिंकण्यात नव्हता. काय पडणार हे त्याला आधीच ठाऊक होते, ह्यात होता. मग सोडत काढणाऱ्यालासुद्धा ज्याचे दान ठाऊक नाही, असा फासा करता येईल काय?

एकट्या संगणकाला हे जमत नाही. तो बिचारा आज्ञाधारक! 'मनाला येईल तो आकडा सांग' म्हटले, तर मन आणणार कोठून? एका बीजावरून तो हिशेबाने पुढचे आकडे काढतो. बीज कळले की सारी रांग कळली. म्हणून त्याला एखादी बेशिस्त वस्तू जोडावी लागते. इंग्लंडात बचतरोख्यांची सोडत जून 1957 पासून 'अर्नी' नावाचे यंत्र काढू लागले. निऑनच्या नळ्यांतील विजेच्या खळबळीतून ते आकडे उपसत असे. त्या खळबळीला ना भाचे, ना मामा.

बरे, यंत्र बसवले म्हणजे निश्चिंती? अमेरिकेत एडी टिप्टन हे गृहस्थ अनेक राज्यांच्या लॉटरीसंघात संगणक-सुरक्षेचे प्रमुख होते. आकड्यांच्या यंत्राची आज्ञावली त्यांच्याच हातची. यंत्राला भोवतालचा किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण जोडलेले. ह्याहून निःपक्षपाती साक्षीदार कोण? ते बिघडवण्याची गरजच पडली नाही. टिप्टननी आज्ञावलीत काही ओळी घातल्या: वर्षातील ठरावीक दिवशी त्याचे ऐकू नये. उपकरण आपले इमानाने मोजीत राहिले.

मला वाटते, खरी अडचण अज्ञान पत्करण्याची आहे. ज्याला कळू शकते, त्याने आपण होऊन न कळण्याची व्यवस्था करावी, हे सोपे नव्हे. वर्गात चिठ्ठी उचलताना मुलगा डोळे घट्ट मिटतो, पण बोटे चाचपत असतातच! लिनक्स ह्या संगणकप्रणालीचा तोडगा मला माणसाच्या स्वभावाला धरून वाटतो. चिपमधली खळबळ, कळा दाबण्यातली अंतरे, बाहेरून जोडलेले उपकरण, सारे ती एकत्र घुसळते. एक लबाड निघाला तरी बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे. शिवाय घुसळण्याची रीत कोणालाही वाचता येते.

टिप्टन ह्यांच्या ओळी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. 2017 साली त्यांना 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, ती विस्कॉन्सिन राज्यात ठेवलेले एक जुने यंत्र हाती लागल्यानंतर. तपासणाऱ्यांनी त्याला 29 डिसेंबर 2007 ही तारीख सांगून त्या दिवशीची सोडत पुन्हा काढायला लावली. तेच आकडे आले.