धूर कोणाचा?

आमच्या घरी गॅसचा सिलिंडर हल्ली चार-चार महिने पुरतो. पूर्वी महिना-सव्वा महिन्यात तो राम म्हणायचा, आणि तेही नेमका पाहुणा पाटावर बसल्यावर. आमची ही काटकसर मी भेटेल त्याला ऐकवत असतो. परवा इंग्लंडहून माझा पुतण्या आला. त्यालाही ऐकवली.

पण तो ऐकायच्या नव्हे, ऐकवायच्या तयारीने आला होता. "काका, आमच्या देशाने तर कमाल केली. १९९० च्या मानाने हरितगृह वायू निम्म्याहून खाली आणले!" माणूस जिथे घराचे हप्ते भरतो तो देश त्याचा, हे मला मान्य आहे. तो पुढे म्हणाला, "१८८२ साली लंडनमध्ये कोळशावरचं सार्वजनिक वीजघर सुरू झालं, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला देशातलं शेवटचं बंद केलं. १४२ वर्षांचा धूर संपला. आणि तुमचं? १९९० पासून तुमचा कार्बन डायऑक्साइड पाचपटीच्या घरात!"

आता मात्र माझ्यातला देशभक्त जागा झाला. "अरे, पाचपट होऊनही आमचा माणशी दोन टनांच्या आसपास. तुमचा घटूनही चारच्या वर! आणि तो १८८२ चा धूर गेला कुठे? त्यातला चांगला वाटा अजून वरच आहे. हा वायू चार दिवस राहून जाणाऱ्यातला नाही, शतकानुशतकं मुक्काम ठोकतो. शिवाय कपडे, पोलाद, टीव्ही तुम्ही बाहेरून मागवता. हिशेबाचा नियमच असा, की धुराडं ज्याच्या अंगणात, धूर त्याच्या नावावर. वस्तू तुम्ही वापरायच्या आणि डाग चीनच्या नाहीतर आमच्या कपाळी!"

"आयात धरूनही कमी झालाय, काका. फक्त इतका नाही, एवढंच," पुतण्या म्हणाला. पण त्याचा आवाज जरा खाली आला होता. मी विजयी मुद्रेने आत पाहिलं.

आत आमची ही डबा उघडत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आमचं दोन वेळचं जेवण मागच्या गल्लीतल्या काकूंकडून येतं. ती शांतपणे म्हणाली, "आपला सिलिंडर चार महिने कसा पुरतो, ते सांगितलंत का त्याला? काकूंकडे महिन्याला किती लागतात, विचारलंत कधी?"

मी पोळीचा तुकडा मोडला. बोलणं अवघड झालं की तोंडात घास असलेला बरा.

पण घासाबरोबर विचार काही गिळता येईना. ब्रिटनचा जो नियम मला लबाडीचा वाटला, त्याच नियमावर माझी काटकसर उभी होती. आणि ते माणशी दोन टन? आमच्याकडे भांडी घासायला बाई येतात, चालत येतात. त्यांच्या घरी एक पंखा नि दोन दिवे. आमच्याकडे दोन एसी, एक मोटार. त्यांची नि माझी बेरीज करून दोनाने भागलं, की मी एकदम साधा, सोज्वळ माणूस ठरतो! पुतण्याला मी जे ठणकावलं ते खोटं नव्हतं. ज्यांनी आधी धूर केला त्यांनी आधी आवरावं, आणि ज्यांच्या घरी अजून पुरेशी वीज नाही त्यांना ती मिळावी, हा न्यायच आहे. पण तो हक्क त्या बाईंचा. वकीलपत्र त्यांचं घ्यायचं आणि गार हवा आपण खायची, हा काय न्याय झाला?

रात्री पुतण्याच्या खोलीतला एसी लावावा की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला. शेवटी लावला. पाहुणा आहे, उकाड्याची सवय नाही, म्हणून.

त्याचा धूर कोणाच्या नावावर मांडायचा, ते मात्र अजून ठरायचं आहे.