खडूच्या फुल्या

पुण्याच्या एका उपनगरात शाळेकडे जाणारा अर्ध्या किलोमीटरचा रस्ता होता. कडेला पदपथही होता. तरी मुलं रिक्षानं शाळेत जात आणि म्हातारी माणसं देवळात जायला कुणाच्या तरी स्कूटरची वाट पाहत. "चालायला जागाच कुठंय?" असं जो तो म्हणे. महापालिकेच्या नावानं सर्वांत जास्त ओरड असे ती कोपऱ्यावरच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची. शेवटी बैठकीत त्यांनी मोर्चाचा ठराव मांडला.

तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "मोर्चा काढू, पण मागायचं काय, ते आधी बघून येऊ. रविवारी सगळे माझ्याबरोबर शाळेपर्यंत चला. जिथे पदपथावरून खाली उतरावं लागेल, तिथे खडूनं फुली मारायची."

रविवारी वॉकर घेतलेल्या आजी पुढे आणि बाकीचे मागे, असे सगळे निघाले. पहिली फुली वाण्याच्या पोत्यांपाशी पडली, दुसरी शोभेच्या कुंड्यांपाशी. मग लावलेल्या दुचाकी, मग चेंबरचं फुटकं झाकण. कोपऱ्यावर आजींचा वॉकर अडला. गाड्या सुळकन बाहेर पडाव्यात म्हणून सोसायटीनं पदपथ फोडून फाटकासमोर सिमेंटचा उतार केला होता. चेअरमनसाहेबांनी न बोलता खडू मागून घेतला आणि तिथली फुली स्वतः मारली.

बाईंनी वहीत दोन रकाने पाडले, 'आपलं' आणि 'पालिकेचं'. पहिला रकाना लांबलचक निघाला. "यातल्या कशाला निविदा लागते?" बाईंनी विचारलं.

कुंड्या आवारात गेल्या, दुचाकी पार्किंगमध्ये. फाटकासमोर पदपथ सलग झाला, उतार फक्त कडेला उरला. पदपथावर बसणाऱ्या भाजीवालीला हटवा, असं कुणी म्हणालं तेव्हा बाईंनी अडवलं. "अहो, चालत जायचं ते तिच्याकडेच ना? इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर निदान १.८ मीटर मोकळी वाट हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. तेवढी सोडून तिला बसू द्या."

उरलेल्या कामांसाठी मोर्चा निघालाच नाही. नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुणे महापालिकेनं २००६च्या सुमारास सुरू केली आहे. त्यासाठीच्या अर्जात झाकण, दिवा आणि शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग, प्रत्येकाचं ठिकाण नेमकं लिहून दिलं. ती कामं व्हायला वेळ लागला. तोवर मुलं मात्र चालत शाळेत जाऊ लागली होती.

तात्पर्य : रस्ता पालिकेचा असतो, पण त्यावरचे अडथळे बहुधा आपलेच असतात. मागणीचा अर्ज लिहिण्याआधी आपल्या फाटकासमोरची फुली पुसावी.